सूर नंतर, धाव आधी : शालेय खो-खो संघाचे आक्रमण कसे बांधावे

२०२२ साली अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचे सामने दूरचित्रवाणीवर सुरू झाले आणि तेव्हापासून जून महिन्यात आमच्या मैदानावर येणारे प्रत्येक नवे पोर पहिल्याच दिवशी सूर मारून दाखवू लागले. त्या स्पर्धेत साध्या स्पर्शाने गडी बाद केला तर २ गुण आणि सूर मारून किंवा खांबावरून झेप घेऊन बाद केला तर ३ गुण मिळत, शिवाय सामना मॅटवर होई, त्यामुळे त्या खेळाडूंचे सूर मारणे हिशेबाचे होते. आपला हिशेब वेगळा आहे. शालेय सामन्यांत सुराला जादा गुण नाही, मैदान मातीचे आहे, आणि फसलेल्या सुरानंतर आक्रमक जमिनीवरून उठेपर्यंत पळणारा तीन चौक पुढे गेलेला असतो. धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवताना माझे मत असे झाले आहे की, शाळकरी संघाचे आक्रमण सरळ धाव आणि वेळेवर दिलेला खो या दोनच गोष्टींवर उभे करावे आणि सूर अगदी शेवटी, तोही दोघा-तिघांनाच शिकवावा. या लेखात ती पद्धत, तिच्यामागची कारणे आणि सरावाचा क्रम सांगितला आहे.

सुरुवात एका भागाकाराने करावी. पाळी, म्हणजे एका संघाची आक्रमणाची खेप, ९ मिनिटांची असते आणि १४ वर्षांखालील गटात ७ मिनिटांची. ९ मिनिटे म्हणजे ५४० सेकंद आणि समोर ९ संरक्षक (पळणारे गडी), म्हणजे एका संरक्षकामागे सरासरी ६० सेकंद मिळतात. हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना दाखवला की, एकट्या वेगवान मुलाने ४० सेकंद एकाच पळणाऱ्याच्या मागे लागणे म्हणजे काय, हे त्यांना न सांगताच समजते. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात, त्यामुळे एकाच्या नादी लागलेल्या आक्रमकाच्या हाताजवळून दुसरा आरामात निघून जातो आणि बसलेली आठ मुले नुसती बघत राहतात.

पाठ कोणाची आणि दिशा कोणाची

मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. दोन टोकांना १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचे खांब असतात, खांबांना जोडणारी, जमिनीवर आखलेली मधली पाटी असते आणि तिच्यावर ३० सेंटिमीटर बाजूचे आठ चौक असतात. बसलेल्या खेळाडूंची तोंडे आळीपाळीने विरुद्ध बाजूंना असतात. एवढे सर्वांना माहीत असते. परंतु खालील दोन नियमांमधून आक्रमणाचा सगळा डाव कसा उलगडतो, हे मात्र फार थोड्या शाळांमध्ये समजावून सांगितले जाते.

पहिला नियम असा की, आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि खो पाठीमागूनच द्यावा लागतो. याचा अर्थ, ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्यालाच आपण खो देऊ शकतो, आणि तो उठला की आक्रमण पलीकडच्या बाजूला जाते. दुसरा नियम असा की, एकदा दिशा घेतली की खांबाच्या रेषेपर्यंत ती बदलता येत नाही. पण नव्याने उठणाऱ्याला मात्र दोन्ही दिशा मोकळ्या असतात. थोडक्यात, खो देणारा दिशेने बांधलेला असतो आणि खो घेणारा मोकळा असतो. ही मोकळीक वाया जाऊ न देणे, हेच प्रशिक्षकाचे खरे काम.

उदाहरण घेऊ. आमच्या मैदानाच्या एका टोकाला शाळा आहे आणि दुसऱ्या टोकाला बाभूळ आहे. शाळेकडून मोजल्यास १, ३, ५, ७ या चौकांतील मुलांची तोंडे रस्त्याकडे आहेत आणि २, ४, ६, ८ यांची विहिरीकडे. आक्रमक रस्त्याच्या बाजूने बाभळीकडे धावत आहे आणि संरक्षक पाचव्या आणि सहाव्या चौकामधून पलीकडे, विहिरीच्या बाजूला सटकला. आता आक्रमक चौथ्याजवळ असेल, तर तो चौथ्याला खो देऊ शकतो. चौथा उठून पळणाऱ्याच्या मागे लागेल. हा जवळचा खो झाला, आणि नवशिके नेहमी हाच देतात. पण आक्रमक चौथ्याला सोडून तसाच पुढे धावला आणि त्याने सहाव्याला खो दिला, तर सहावा विहिरीच्या बाजूला उठतो आणि शाळेच्या दिशेने तोंड करतो. पळणारा मागून येणाऱ्या पाठलागाची वाट बघत असतो आणि समोरून हात येतो. खो देणारा बाभळीकडे धावत असताना घेणारा शाळेकडे निघाला, यातच हूल आहे. त्यासाठी अंग वाकवण्याची किंवा खोटे हातवारे करण्याची गरज नाही. आमची मुले पहिल्याला ‘जवळचा’ आणि दुसऱ्याला ‘उलटा’ म्हणतात. याशिवाय ‘लेट खो’ आहे. चौक ओलांडून पुढे गेल्यासारखे दाखवायचे आणि मागच्या पायाचा त्या चौकातून आडव्या जाणाऱ्या पाटीशी असलेला संबंध सुटण्याआधी हात मागे नेऊन खो द्यायचा. माझ्या मते शालेय संघाला हे तीन खो पुरेसे आहेत; सात-आठ प्रकार शिकवून प्रत्येकात कच्चे राहण्यापेक्षा हे तीन डोळे मिटून देता आले पाहिजेत.

बसणे, उठणे आणि कंबर बघणे

पहिले दोन आठवडे मैदानात पळणारा आणूच नये. फक्त बसणे, खो ऐकणे, उठणे आणि तीन पावले टाकणे एवढेच करून घ्यावे. बसण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. बुलेट टो पद्धतीत एक पाय पुढे आणि एक मागे, शर्यतीच्या सुरुवातीला धावपटू बसतो तसे बसतात. पॅरलल टो पद्धतीत दोन्ही चवडे एका ओळीत असतात. पहिलीत उठण्याला जोर मिळतो, पण मागच्या पायामुळे एका दिशेला वळणे सोपे आणि दुसऱ्या दिशेला अवघड होते. म्हणून मधल्या चार चौकांत बसणाऱ्यांना, ज्यांना दोन्ही दिशांची सारखीच गरज पडते, मी पॅरलल टो पद्धतीने बसवतो, आणि खांबाजवळच्यांना बुलेट टो. ज्यांच्या टाचा बसताना जमिनीला टेकतात त्यांना आधी रोज उठाबशा द्याव्यात, कारण टेकलेली टाच म्हणजे उशिरा उठणे.

दिशा कोणी ठरवायची, या प्रश्नावर अनेक शिक्षक खो देणाऱ्याला जबाबदार धरतात. ते चूक आहे. देणारा धावत असतो, त्याला अर्धेच मैदान दिसते. बसलेल्याला समोरची सगळी बाजू स्वस्थपणे दिसत असते, म्हणून दिशा त्यानेच, खो मिळण्यापूर्वीच ठरवलेली असली पाहिजे. नववीतील एक मुलगी चौथ्या चौकात बसत असे. वेणी दोन फेरे घालून बांधलेली, दहाही बोटे मातीत रुतवलेली, आणि खो मिळाला की बाण सुटावा तशी ती उठायची. फक्त दर दोन वेळांपैकी एकदा चुकीच्या दिशेला. विचारल्यावर रडवेल्या आवाजात म्हणाली, “सर, ती कुठं जाऊलाली तेच कळंना मला.” मी तिच्या शेजारी मातीत बसून बघितले, तेव्हा लक्षात आले की ती पळणारीच्या चेहऱ्याकडे मान वर करून बघत होती. हूल खांद्याने आणि डोळ्यांनी दिली जाते. कमरेने देता येत नाही, कारण कंबर वळली की पाय वळावेच लागतात. आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी कंबरच असते, मान वर करण्याचीही गरज नाही. त्या दिवसापासून सरावात मी संरक्षकांच्या कमरेला रंगीत ओढणी बांधायला लावतो आणि बसलेल्यांना एकच सूचना देतो : ओढणीकडे बघा.

खो देताना तळहाताचा स्पर्श आणि तोंडचा शब्द एकाच वेळी यायला हवेत. मुले घाईत शब्द आधी उच्चारतात आणि हात नंतर पोचतो. ऐकणारा शब्दावर उठतो आणि शिट्टी वाजते. स्पर्श न होता उठणे, मधल्या पाटीला पाय लागणे, दिशा घेतल्यावर खांदा मागे वळवणे, हे बाकीचे नेहमीचे फाऊल. फाऊल झाला की पंच आक्रमकाला विरुद्ध दिशेला जायला लावतात आणि त्या फाऊलमधून कोणी बाद झाले असेल तर तेही धरले जात नाही, त्यामुळे एक फाऊल म्हणजे पळणाऱ्याला फुकटची विश्रांती असते. वहीत मी बाद गड्यांच्या आधी फाऊल मोजतो.

साखळी तोडण्याची सरळ रेषा

संरक्षक साधारणपणे तीन तऱ्हांनी पळतात. एकेरी साखळीत तो प्रत्येक चौकाच्या फटीतून नागमोडी जातो, दुहेरी साखळीत दोन-दोन चौक सोडून बाजू बदलतो, आणि रिंगमध्ये दोघा-तिघा बसलेल्यांभोवती गोल फिरत राहतो. नवशिका आक्रमक एकेरी साखळीपुढे हमखास फसतो, कारण पळणारा पलीकडे गेला की हा लगेच खो देतो, नवा उठतो तोवर पळणारा अलीकडे आलेला असतो, मग पुन्हा खो. प्रत्येक वेळी उठणारा शून्यातून वेग घेतो आणि पळणारा वेगातच असतो. असे दहा खो झाले तरी अंतर कमी होत नाही. प्रेक्षकांना मात्र खेळ फार रंगल्यासारखे वाटते.

यावरचा उपाय म्हणजे खो न देणे. एकेरी साखळीने पळणारा पलीकडे गेला तरी पुढच्याच फटीतून तो परत आपल्या बाजूला येणार आहे. तो नागमोडी पळतो आणि आपण सरळ. त्याची वाट लांब, आपली आखूड. म्हणून आक्रमकाने मोह आवरून, मधल्या पाटीला चिकटून, हात पाटीच्या बाजूला तयार ठेवून सरळ धावावे. दोन-तीन चौकांत अंतर मिटते. पळणारा हुशार असेल तर तो लय मोडून पलीकडेच थांबतो, आणि ठीक त्या क्षणी उलटा खो द्यावा. दुहेरी साखळीला मात्र नुसती धाव पुरत नाही, कारण परत येईपर्यंत तो दोन चौक पुढे गेलेला असतो. तिथे एक जवळचा खो, मग सरळ धाव, असा क्रम ठेवावा. रिंगसाठी उलटा खो उत्तम, कारण गोल फिरणारा शेवटी त्याच जागी येतो.

हा सराव लहान मैदानावर करावा. आधी तीन चौक आणि एक पळणारा. आक्रमकांना खो देण्याची बंदी, फक्त सरळ धाव. चार दिवसांनी पाच चौक आणि एकाच खोची परवानगी. मुले कुरकुरतात, कारण खो न देता धावणे त्यांना खो-खो वाटत नाही. कुरकुरू द्यावे. आठवड्याने आठ चौक आणि तीन पळणारे आणावेत, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येक गडी किती सेकंदांनी आणि कोणत्या चौकाजवळ बाद झाला, हे एका मुलाला लिहायला बसवावे. पंधरा दिवसांच्या नोंदीतून कोणता चौक कमजोर आहे ते दिसू लागते.

पळणाऱ्याला नेहमी खांबाकडे रेटत न्यावे. खांबाच्या रेषेशी पोचलेल्या आक्रमकाला दिशा बदलता येते आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाता येते, म्हणजे मधल्या भागात त्याच्यावर असलेले बंधन तिथे सुटते. पळणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो मध्यावर राहायला धडपडतो. पहिल्या आणि आठव्या चौकात लांब हातांची आणि खांब धरून चटकन वळता येणारी मुले बसवावीत, दुसऱ्या आणि सातव्यात सर्वांत वेगवान, आणि चौथ्या-पाचव्यात ज्यांची नजर शांत आहे ती, मग ती धावायला मध्यम असली तरी चालतील. खांबावरची झेप याच टोकाच्या दोघांना, दोन महिन्यांच्या सरावानंतर शिकवावी.

तुकडीतला तिसरा गडी बाद झाला की एक क्षण फार महत्त्वाचा असतो. ज्याने तिसरा गडी बाद केला त्याला नव्या तुकडीच्या मागे लागता येत नाही, त्याने आधी खो द्यायचा असतो. आणि नव्या तिघांनी दोन खो होण्याच्या आत मैदानात यायचे असते. एका तालुका सामन्यात आमच्या मुलीने तिसरी गडी टिपली, आनंदाने दोन्ही हात वर केले आणि समोरून आत येणाऱ्या नव्या मुलीमागे तशीच धावत सुटली. शिट्टी वाजली, ती गोंधळून उभी राहिली, आणि सामना एका गुणाने गेला. चूक तिची नव्हती. हा प्रसंग मी सरावात कधी घेतलाच नव्हता. आता दर सरावाच्या शेवटी मी ‘तिसरा बाद’ असे ओरडतो आणि जवळच्या चौकात लगेच खो पडतो की नाही, एवढेच बघतो.

माती, ऊन आणि माणसे

काळ्या मातीचे मैदान हा मराठवाड्यातील शाळांचा कायमचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या तालुका आणि जिल्हा स्पर्धांच्या दिवसांत, तीच माती पायाला किलोभर चिकटते. निदान मधल्या पाटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर तरी मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्यावा, कारण आपले सगळे आक्रमण त्याच पट्ट्यात धावणार आहे. खडे रोज वेचावेत. दहा मुलांना पाच मिनिटे पुरतात. चौक फक्कीने दररोज आखावेत, कारण पुसट चौकात सराव केलेली मुले सामन्यात आडव्या पाटीचे फाऊल करतात. एप्रिल-मेच्या शिबिरात सकाळी आठनंतर कोणालाही धावायला लावू नये, आणि लिंबू, मीठ, साखर घातलेल्या पाण्याची घागर मैदानाच्या कडेला असावी.

मुलींच्या संघाबाबत घरच्यांशी बोलण्याचे काम प्रशिक्षकालाच करावे लागते, आणि या भागात ते पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला; जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील. घरी गेल्यावर नियम किंवा व्यायामाचे फायदे सांगत बसू नये, ही दोन नावे सांगावीत आणि सराव किती वाजता सुटेल, मुलीसोबत घरापर्यंत कोण येईल, हे सांगावे. वडील बहुधा या शेवटच्या गोष्टीवरच होकार देतात.

संघ निवडताना आणखी एक गोष्ट आधीच धरून चालावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे निघतात आणि त्यांच्याबरोबर संघातली दोन-तीन मुले जातात. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहणारी असतात, पण त्यावर विसंबता येत नाही. नऊ जणांचा नऊ जागांवर पक्का बसवलेला संघ अशा वेळी एका आठवड्यात मोडतो. म्हणून ऑगस्टपासूनच किमान तेरा मुले तयार करावीत आणि प्रत्येकाला दोन जागा याव्यात, त्यातली एक खांबाकडची आणि एक मधली, शक्यतो विरुद्ध तोंडांची. दर शनिवारी सगळ्यांना दुसऱ्या जागेवर बसवून पूर्ण ९ मिनिटांची पाळी खेळवावी. त्या दिवशी बाद गडी मोजू नयेत, फक्त फाऊल मोजावेत, आणि पुढच्या शनिवारी ते कमी झाले तरच जागा पक्की समजावी.